कागदाचा गळा

पखवाजाचा आवाज बसला म्हणून भजनी मंडळातला जाणता माणूस खोड फेकून देत नाही. तो पुडी बदलतो, वाद्या ताणतो, कणीक नीट लावतो, आणि तेच खोड पुन्हा बोलू लागते. श्रोतेहो, आज ज्या वाद्याची हकीकत सांगायची आहे ते आपल्याकडचे नव्हे. ती अमेरिकेतली विजेची गिटार. पण तिलाही पुडी असते, बरं का. फक्त ती वाद्यावर नसते, शेजारच्या पेटीत असते.

विजेची गिटार नुसती छेडली तर चार हातांपलीकडे नीट ऐकू येत नाही. तारांखाली चुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज उपजते. ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. म्हणजे आपल्या कानी येतो तो शेवटी कागदाच्या एका शंकूचा आवाज.

शिक्षकांनी एखादा निकामी, सुटा स्पीकर मिळवून वर्गात जरूर दाखवावा. मागे चुंबक, त्याच्या गोल फटीत तारेचे वेटोळे, आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागद. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कागद पुढे उडी मारतो. टोके उलट लावली की मागे जातो. एवढेच यंत्र! ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली इंग्लंडात अशा रचनेचे पेटंट घेतले. पण रेडिओच्या पेटीत बसेल असा चांगला स्पीकर कसा करावा, हे अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोघा इंजिनियरांनी १९२५ साली मांडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ साली, पीटर जेन्सन या डॅनिश माणसाने आपला स्पीकरचा कारखाना काढला.

हे नाव लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करीत असत. पुढे ते गिटारी आणि ॲम्प्लिफायर बनवू लागले, आणि त्यांच्या कितीतरी पेट्यांत जेन्सनचे स्पीकर बसले. वाजवणाऱ्यांना मात्र आवाज अधिकाधिक मोठा हवा होता. कागद फाटत, वेटोळी जळत. स्पीकरला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग आवाज होतो. बाकीची सगळी उष्णता, आणि ती त्या चिमुकल्या वेटोळ्याने सोसायची!

डिक डेल नावाच्या वादकाने तर एकामागून एक स्पीकर निकामी केले, असे सांगतात. १९६० च्या सुमारास फेंडर यांनी त्याच्यासाठी निराळा उपाय योजला. जेबीएल कंपनीचा पंधरा इंची स्पीकर त्यांनी घेतला. त्याचे वेटोळे चार इंच व्यासाचे. नेहमीच्या गिटार-स्पीकरचे इंच-दीड इंचाचे असे, यावरून फरक ध्यानात यावा.

गंमत अशी की काहींना फाटका आवाजच आवडला. १९५१ साली मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी वाटेत ॲम्प्लिफायरला इजा झाली. फाटलेल्या स्पीकरमागे कागद कोंबून काम भागवले, असे म्हणतात. त्यातून निघालेली घरघर गाण्याला शोभली. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हीजने तर छोट्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर मुद्दाम ब्लेडने चिरला. कोणता आवाज चांगला, हे ठरवण्याचा अधिकार शेवटी कानाचा, कारखान्याचा नव्हे.

स्पीकर बदलल्याने काय होते ते पाहायचे तर लंडनमधलाच आणखी एक दाखला घ्या. जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. फेंडरचे ॲम्प्लिफायर परदेशातून आणायचे म्हणजे फार महाग पडे. म्हणून १९६२ च्या सुमारास त्यांच्या कारागिरांनी फेंडरच्या ‘बासमन’ची विद्युत्-रचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली. काही भाग मिळतील ते घातले. पण बासमनमध्ये दहा इंची चार जेन्सन होते आणि पेटी मागून उघडी होती. मार्शल यांनी बारा इंची चार इंग्लिश ‘सेलेस्टियन’ घेतले, तेही मागून बंद पेटीत. नकाशा एक, आवाज दोन! एक मोकळा आणि झळझळीत, दुसरा जाड आणि छातीत घुमणारा. लोक श्रेय व्हॉल्व्हना देतात. माझ्या मते निम्मे तरी स्पीकरला आणि पेटीला द्यावे.

स्पीकरच्या या आवाजात चुंबकाचाही वाटा आहे. जुने चुंबक ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे असत. कोबाल्ट महाग. साठीच्या दशकातच स्वस्त फेराइट चुंबक आले होते. १९७८ साली झाईरमधल्या खाणींच्या मुलखात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव कडाडले आणि जुना चुंबक आणखी मागे पडला. आफ्रिकेतल्या खाणीचा आणि गिटारच्या गोडव्याचा असा संबंध!

आजही वादक मोठा ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी स्पीकर बदलून पाहतात, आणि त्यात व्यवहार आहे. स्पीकरवर त्याची संवेदनक्षमता डेसिबलमध्ये दिलेली असते. ९७ च्या जागी १०० चा बसवला, तर तीन डेसिबलांचा तो फरक ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याइतका. मात्र ओहमचा आकडा जुळला पाहिजे: आठाच्या जागी आठच. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो चुकला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि वॉटचा आकडा ॲम्प्लिफायरपेक्षा सढळ घ्यावा, नाहीतर डिक डेलची गत.

नव्या कागदाचा आवाज सुरुवातीला जरा कडक लागतो. काही तास दणकून वाजवला की कडेची घडी सैल होते आणि सूर मऊ पडतो. जेन्सनचे जुने नमुने आता इटलीत पुन्हा बनतात, सेलेस्टियनचा निळा स्पीकरही पुन्हा मिळतो. तरीही साठ वर्षे वाजलेला एखादा जुना स्पीकर हाती लागला, तर वादक त्याचा सांगाडा आणि चुंबक तसाच ठेवतात, आणि कागद तेवढा नवा चिकटवून घेतात.