शब्द उशिरा आला

परवा नातीने विचारलं, "आजी, ग्रूमिंगला मराठीत काय म्हणायचं?" जन्मभर मराठी शिकवलं, पण नेमका शब्द सुचेना. अर्थ मात्र अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे...

घरी एक गृहस्थ यायचे. वडिलांचा त्यांच्यावर फार भरवसा. आधी गोष्टींची पुस्तकं, मग कौतुक, मग "हे आपल्या दोघांतच हं!" पुढचं लिहीत नाही.

तेव्हा मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. २००० साली पिंकी विराणींचं 'बिटर चॉकलेट' आलं. त्यात त्यांनी स्वतःवर गुदरलेलंही सांगितलं. २००७ साली केंद्र सरकारची पाहणी प्रसिद्ध झाली. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्क्यांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं, आणि छळणारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले! तोवर मला वाटायचं, पुस्तकं मीच घेतली ना, मग दोषही माझाच.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी 'पॉक्सो' लागू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती त्यात धरतच नाहीत. विश्वासातल्या माणसाने गुन्हा केला तर शिक्षा जास्त. ते वाचलं त्या दिवशी मी देवघरात बसून खूप रडले. तेव्हा साठी उलटली होती माझी.

अजूनही कुणी फार कौतुक केलं की मी आक्रसते. शाळेत वर्गाचं दार कधी लावलं नाही, का ते आता कळेल.

घरच्यांनो, कोण ते विचारू नका. मुलांना मात्र एवढं सांगा, आईपासून लपवायला सांगणारा कितीही गोड असो, आधी आईलाच सांगायचं.