पत्ता भाड्याचा, मुक्काम मात्र कायमचा

घरी ब्रॉडबँड घेताना 'स्थिर आयपी पत्ता हवा असेल तर वेगळे पैसे पडतील' असे सांगतात. म्हणजे एरवी मिळतो तो पत्ता बदलता, हे ओघानेच आले. पण हा पत्ता रोज वहीत टिपून ठेवला, तर पुष्कळ घरांत महिनोन् महिने तोच आकडा आढळतो. नाव 'बदलता', आणि बदलत तर नाही! असे का, हे समजण्यासाठी आपल्याला १९८०च्या दशकात जावे लागेल.

इंटरनेटच्या नियमांची चौथी आवृत्ती १९८१ साली ठरली. तिच्यात प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी पत्ता प्रत्येक संगणकात हाताने भरत. मग डिस्क नसलेले संगणक आले. ज्याच्याजवळ काही साठवायची सोयच नाही, त्याला चालू झाल्यावर आपला पत्ता आठवणार कसा? या अडचणीवर १९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात 'रार्प' ही पद्धत निघाली आणि १९८५ साली बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी 'बूटपी' मांडली. संगणकाने आपला यंत्रक्रमांक सांगायचा आणि सर्व्हरने यादीत पाहून पत्ता कळवायचा. यादी मात्र माणसाने भरायची. संगणक अडगळीत पडला, तरी त्याचा पत्ता अडकलेलाच.

हा दोष दूर केला १९९३ साली आलेल्या डीएचसीपी या पद्धतीने. तिचा मसुदा अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रोम्स यांनी लिहिला. १९९७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. नवी कल्पना अशी, की पत्ता कायमचा द्यायचा नाही, मुदतीने भाड्याने द्यायचा. आपल्याकडे घरभाड्याचा करार ११ महिन्यांचा असतो. पण भाडेकरू दर ११ महिन्यांनी बिऱ्हाड हलवतो का? करार पुन्हा होतो आणि तो तिथेच राहतो. इथेही नेमके तेच घडते.

समजा, मुदत २४ तासांची आहे. निम्मी मुदत, म्हणजे १२ तास झाले, की राउटर सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. ती मिळाली की पुढचे २४ तास नव्याने सुरू. उत्तर आले नाही, तर सात-अष्टमांश मुदत उलटल्यावर, म्हणजे २१व्या तासाला, जो कोणता सर्व्हर ऐकेल त्याच्याकडे मागणी जाते. राउटर सतत चालू असेल, तर मुदत संपण्याची वेळच येत नाही. तासभर वीज गेली तरी करार शाबूत असतो. मुदत संपून गेली, तरी सर्व्हर जुनी नोंद पाहतो आणि तो पत्ता दुसऱ्याला दिला नसेल तर आपल्यालाच परत देतो. हा योगायोग नव्हे. शक्य तोवर त्याच यंत्राला तोच पत्ता मिळावा, हे या पद्धतीच्या उद्दिष्टांतच लिहिलेले आहे.

मग 'बदलता' हे नाव रूढ का झाले? भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, ते टेलिफोन आणि मोडेमच्या मार्गाने. फोन लागला की पत्ता मिळे, फोन ठेवला की तो परत जाई. सगळे ग्राहक एकाच वेळी फोन करत नसल्याने थोडे पत्ते पुष्कळांना पुरत. तिथे पत्ता खरोखरच बदलता होता. ब्रॉडबँड आले आणि जोडणी अष्टौप्रहर चालू राहू लागली. आता पत्ता परत घेऊन द्यायचा कुणाला? व्यवहार बदलला, शब्द मात्र मागे राहिला.

अपवाद आहेतच. राउटर नवा घेतला किंवा कंपनीने जाळ्याची फेररचना केली, तर पत्ता बदलतो. नाव आणि पासवर्ड देऊन जिथे राउटर जोडणी सुरू करतो, तिथे तो बंद करून चालू केल्यावरही नवा पत्ता मिळू शकतो. शिवाय ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील पत्ते वाटून संपले. तेव्हापासून अनेक कंपन्या एकाच जाहीर पत्त्यामागे शेकडो घरे बसवतात.

हा सारा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. २००७ साली पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणी अटक केली. त्याला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे उघड झाले, की आयपी पत्त्याची माहितीच चुकीची होती. मजकूर त्याचा नव्हताच. पत्ता भाड्याचा असल्याने 'कोणाचा' या प्रश्नाला 'कधी' हा प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ नाही. आणि घर सापडले, तरी घरातला माणूस सापडतोच असे नाही.

वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटते. पत्ता बदलता आहे म्हणून आपण अदृश्य आहोत, हा भ्रम. आणि पत्ता म्हणजेच माणूस, हाही भ्रमच. पंधरा दिवस राउटरचा पत्ता वहीत टिपला, तर यातले बरेचसे मुलांचे मुलांनाच उमगेल.