वेदांपासून कपाशीपर्यंत

विज्ञान, कायदा, शेती, शिक्षण असे संशोधनाचे कप्पे आपण पाडतो. वऱ्हाडात ते टिकत नाहीत. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळला जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले. पण त्यांचा ऑक्सफर्डचा प्रबंध ना कायद्यावर होता, ना शेतीवर. वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास, हा त्याचा विषय! ज्या ग्रंथांपासून शेतकऱ्याच्या पोराला पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं, तेच त्यानं मुळातून तपासले. पुढे अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उभे राहिले, ते आम्हाला या अभ्यासाहून वेगळं वाटत नाही. मग शिवाजी शिक्षण संस्था झाली, आणि १९५२पासून दहा वर्षं दिल्लीत शेतीखातं.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ मात्र त्यांनी पाहिलं नाही. १९६५ला ते गेले. दोन वर्षांनी त्या विद्यापीठासाठी आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा कुठे १९६९ला ते मिळालं, पंजाबरावांच्याच नावानं. तिथून निघालेलं पीकेव्ही हायब्रीड-२ हे कपाशीचं वाण इथल्या कित्येकांच्या वावरात लागलं असेल.