विठ्ठलाला माउली कुणी म्हटलं?



आषाढीच्या आधी आमच्या गटाची बैठक होती. एका ताईंनी मध्येच विचारलं, "विठ्ठल तर पुरुष देव. मग आपण त्याला माउली कसं काय म्हणतो?" सगळ्याजणी हसलो, पण उत्तर कुणालाच नीट देता आलं नाही. म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलू या.

ज्या पोराने हत्ती पाहिला नाही, त्याला आपण काय सांगतो? कान सुपाएवढे, पाय खांबासारखे. पोराला कळतं. पण म्हणून हत्तीच्या कानाने कुणी धान्य पाखडत नाही. देवाविषयीचं बोलणंही असंच असतं. देव डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ओळखीच्या वस्तूवरून त्याच्याकडे बोट दाखवायचं. याला उपमा म्हणतात. कधी एखादी वस्तूच त्याची खूण होते, जशी गळ्यातली तुळशीची माळ. ते झालं प्रतीक.

आता प्रश्न असा, की ही ओळखीची वस्तू कुणाच्या घरातली घ्यायची? सातशे वर्षांपूर्वी धर्माचे ग्रंथ संस्कृतात होते. बायकांना आणि शूद्र म्हटलेल्यांना वेद शिकायची मनाई होती. इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. भाषा आपली झाली, तसे दाखलेही आपल्या घरातले, शेतातले आले.

मग ज्याच्या त्याच्या हातातलं काम देवापर्यंत पोचलं. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई दिसली. नरहरी सोनारांनी देहाला सोनाराची शेगडी म्हटलं आणि आत्म्याला सोनं. सेना न्हाव्यांनी विवेकाचा आरसा दाखवला. सावतोबांच्या त्या अभंगात मिरचीही येते. गंमत अशी, की मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे सावतोबांच्या दोनेकशे वर्षांनंतर. कदाचित तिथे आधी मिरी असेल, कदाचित गाणाऱ्यांनी मागाहून मिरची घातली असेल. काही असो, अभंग तोंडोतोंडी जिवंत राहिला आणि पिढ्यापिढ्यांची भाजी त्यात पडत गेली.

आता जनाबाईंकडे येऊ. जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरी दासी. दळण, कांडण, शेण-गोठा, पाणी हेच त्यांचं आयुष्य. त्यांच्या अभंगांत विठ्ठल सिंहासनावर बसून राहत नाही. तो जात्याला हात लावतो, गोवऱ्या वेचतो, जनीची वेणी घालतो. दुसऱ्या एका अभंगात तो लेकुरवाळा आहे, सगळी संतमंडळी त्याच्या अंगाखांद्यावर. राजा काम करत नाही, आई करते. ज्या बाईचा भार हलका करायला कुणीच नव्हतं, तिने देवाला हात लावणारी आई केलं. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम या सगळ्यांनीच विठ्ठलाला आई म्हटलं. पण जनाबाईंनी त्या आईला कामाला लावलं. ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

पण मैत्रिणींनो, इथेच एक सल आहे. देव सगळ्यांची आई, तर लेकराला दाराबाहेर का ठेवलं? चोखोबांना देवळात जाता आलं नाही. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांनी उसाचा दाखला दिला: बाहेरून वाकडा दिसला तरी आतल्या गोडीला बाक नसतो. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी तर विटाळाचा मुद्दाच उलटा धरला. प्रत्येक देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा कोण? हे सगळं लोक गात राहिले आणि दार मात्र बंदच राहिलं. शेवटी मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते दलितांसाठी उघडलं. गोड उपमा ओठांवर असली म्हणून वागणूक आपोआप बदलत नाही, हे या सहा-साडेसहा शतकांनी दाखवलं.

आपल्या आज्या-पणज्यांनी ही भाषा जात्यावर पुढे नेली. ओव्यांमध्ये पंढरी माहेर झाली, विठ्ठल बाप झाला, भाऊ झाला. रुसलेल्या रुक्मिणीची बाजूही बायकांनीच मांडली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, तरी त्या वाचल्या.

आणखी एक गोष्ट मनात येते. वारीत आपण अनोळखी माणसाला माउली म्हणून पाया पडतो. घरातली माउली मात्र सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं खाते. देवाला आई म्हणणं खरं असेल, तर आईलाही वेळेवर गरम भाकरी मिळायला हवी.

पुढच्या बैठकीत एक करा. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला बोलवा, तिला आठवतील त्या ओव्या म्हणायला सांगा आणि लिहून ठेवा. तिने देवाला काय काय म्हटलंय, ते बघा. त्यात तिच्या घरचं जातंही सापडेल आणि तिचं न बोललेलं दुखणंही.

येते मैत्रिणींनो. रामकृष्ण हरी.