कारच्या रंगात रुतलेला डाग: घासून काढायचा की तसाच ठेवायचा?

काळी किंवा लाल स्पोर्ट्‌स कार दोन दिवस झाडाखाली उभी राहते. बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा पडते आणि उन्हात कडक वाळते. नंतर ती धुतली जाते, पण खाली तिच्याच आकाराचा मंद, सुरकुतलेला ठसा राहतो. शाम्पू, वॅक्स, महागडा स्प्रे, कशानेही तो हलत नाही, कारण डाग आता रंगावर नसून रंगात असतो. डिटेलिंगवाले याला ‘एचिंग’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, त्या जागी खचलेला किंवा खाल्ला गेलेला असतो.

दुरुस्ती शक्य असते. मात्र ती करताना डाग काढला जात नाही. डागाच्या आजूबाजूचा चांगला क्लिअर कोट घासून डागाच्या तळापर्यंत खाली आणला जातो. तो थर परत वाढत नाही, म्हणून ‘पॉलिश मारून द्या’ एवढे सांगून मोकळे होण्याआधी थोडा हिशोब करावा लागतो.

थर किती जाड असतो?

कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. क्लिअर कोटच्या वाट्याला त्यातले ३५ ते ५० मायक्रॉन येतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ थरावर अवलंबून असते. हाच थर अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करतो. तो फार पातळ झाला तर काही वर्षांत पांढरट पडून पापुद्र्यासारखा सुटू लागतो. टपावर किंवा बॉनेटवर असे सोललेले चट्टे असलेल्या जुन्या गाड्या रस्त्यावर नेहमी दिसतात.

डाग पडतो कसा?

‘विष्ठेत ॲसिड असते, ते रंग खाते’ हे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. विष्ठेतला पांढरा भाग मुख्यतः युरिक ॲसिडचा असतो, पण हे आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते. ‘ऑटोग्लिम’ या ब्रिटिश कंपनीने मांडलेले स्पष्टीकरण वेगळे आहे. ऊन लागले की क्लिअर कोट मऊ होतो आणि प्रसरण पावतो. त्याच वेळी वरची विष्ठा वाळून कडक होते. संध्याकाळी पत्रा थंड होताना क्लिअर कोट आकसतो आणि त्या खडबडीत कवचाचा साचा स्वतःवर उमटवून घेतो. भर उन्हात काळा पत्रा ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो, त्यामुळे गडद रंगांवर असे डाग लवकर पडतात. इराणमधल्या संशोधकांनी विष्ठेतल्या पाचक विकरांकडेही लक्ष वेधले आहे. विष्ठेऐवजी पॅनक्रिआटिन हे विकरांचे मिश्रण वापरून त्यांनी क्लिअर कोटवर तशीच हानी घडवून दाखवली. दोन्ही स्पष्टीकरणांत उष्णता आणि वेळ हेच खरे खलनायक ठरतात.

आम्लाची गोष्ट खोटी नाही, पण ती पावसाला अधिक लागू पडते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल परिसरात आम्लयुक्त पाऊस आणि दव यांमुळे नव्या गाड्यांच्या रंगावर ठिपके पडत. रंग कंपन्या आपल्या क्लिअर कोटचे नमुने उन्हाळ्यात कित्येक आठवडे तिथे उघड्यावर ठेवून तपासू लागल्या, इतका हा प्रश्न मोठा झाला. त्या काळच्या ॲक्रिलिक-मेलामाइन क्लिअर कोटमधले रासायनिक दुवे आम्लाने तुटत. पुढे आलेली युरेथेन आणि कार्बामेट प्रकारची रसायने यापेक्षा बरीच टिकाऊ निघाली.

आपल्याकडे तिसरे कारण फार मोठे आहे: बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी. सोसायटीत सकाळी गाडी धुतली, पुसली नाही आणि उन्हात सोडली, की पाणी उडून जाते आणि क्षारांची गोल कडी उरतात. सुरुवातीला ती रंगाच्या वर असतात. बरेच दिवस तशीच राहिली तर त्यांच्याखाली क्लिअर कोटलाही खळगा पडतो.

आधी ओळख, मग उपचार

डाग वर बसलाय की आत उतरलाय, हे आधी पाहावे लागते. क्षारांचा डाग वर असेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत आणि थंड पत्र्यावर, ओल्या मायक्रोफायबर फडक्याने हलकेच पुसले की तो विरघळतो. नंतर भरपूर पाण्याने धुवायचे. क्षार गेले आणि कड्याची सावली उरली, तर ते एचिंग. नख अलगद फिरवून पाहावे. नख अडकले तर डाग खोल आहे आणि पॉलिशने तो पूर्ण जाण्याची आशा कमी.

विष्ठेचा ताजा, उथळ ठसा कधीकधी उष्णतेनेच बराच सपाट होतो. जो थर तापून विकृत झाला, तो पुन्हा जपून तापवला की काहीसा मूळ जागी येतो. डिटेलर मंडळी त्यासाठी हीट गन लांबून, सतत हलवत वापरतात. यात थर घासला जात नाही, म्हणून हा उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र नको, तिथे उष्णता पसरत नाही आणि रंग लगेच करपतो.

त्यानंतर जाडी मोजायची. स्पोर्ट्‌स कारमध्ये इथेच घोळ होतो. साधे चुंबकीय मीटर फक्त पोलादी पत्र्यावर चालते. पोर्शे ९११ सारख्या गाडीत ॲल्युमिनियमचे भाग असतात, त्यांना एडी-करंट प्रकारचे मीटर लागते. शेव्हरोले कॉर्व्हेटचे बाह्यांग १९५३ पासून फायबरग्लास किंवा तत्सम मिश्र साहित्याचे आहे. तिथे दोन्ही मीटर निरुपयोगी, अल्ट्रासोनिक मीटरच हवे. शिवाय साधे मीटर सगळ्या थरांची एकूण जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. १२० मायक्रॉन आकडा दिसला म्हणून वर ५० मायक्रॉन क्लिअर आहे असे मानता येत नाही. आकडा एकदम २५० च्या पुढे गेला तर तो भाग पूर्वी कधीतरी रंगवला गेलेला असण्याची शक्यता मोठी.

घासण्याची पायरी

चांगला कारागीर सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करतो. गाडी धुऊन, क्ले बारने रंगात रुतलेली धूळ काढून, एका छोट्या चौकोनावर आधी बारीक पॉलिश आणि मऊ फोम पॅड लावून पाहतो. डाग गेला नाही तर जरा कडक पॅड, मग कंपाऊंड. ड्युअल ॲक्शन मशीन नवख्याच्या हातात बऱ्यापैकी सुरक्षित असते. एकाच अक्षावर फिरणारे रोटरी मशीन एका जागी थांबले तर काही क्षणांत रंग जाळू शकते. बॉनेटच्या कडा आणि शरीररेषा यांवर थर आधीच पातळ असतो, म्हणून तिथे मास्किंग टेप लावतात.

कंपाऊंडनेही काम झाले नाही तर वॉटर पेपर उरतो: ३००० नंबरचा, फारच हट्टी डाग असेल तर २०००, साबणाच्या पाण्यात भिजवून, मागे छोटा सपाट ठोकळा धरून. दर थोड्या फेऱ्यांनी थांबून मोजायचे. मग कागदाचे ओरखडे कंपाऊंडने आणि शेवटी बारीक पॉलिशने काढायचे. एकूण आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जाणे धोक्याचे, आणि हे आयुष्यभराचे बजेट आहे, एका फेरीचे नव्हे. गाडी आधी चार वेळा ‘रबिंग’ करून घेतलेली असेल तर ते बजेट कदाचित आधीच संपलेले असते. पॅडला गाडीचाच रंग लागू लागला, तर काम तत्काळ थांबवायचे. क्लिअर कोट संपला, असाच त्याचा अर्थ. अपवाद जुन्या गाड्यांचा. १९८० च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांच्या साध्या रंगांवर क्लिअर कोटच नसे, तिथे पॅड रंगणारच.

म्हणूनच डाग ७०-८० टक्के फिका झाला की थांबणे हा बऱ्याचदा शहाणपणाचा निर्णय असतो. उन्हात विशिष्ट कोनातून दिसणारी पुसट सावली राहिली तर गाडीचे काही बिघडत नाही. तळ गाठण्याच्या हट्टापायी कंपनीचा मूळ रंग गेला तर मात्र दुर्मिळ स्पोर्ट्‌स कारची किंमत खाली येते.

मॅट फिनिशच्या गाडीवर तर पॉलिश हा पर्यायच नाही. घासलेली जागा चकाकते आणि तो नवा डाग कायमचा. तिथे आत उतरलेल्या एचिंगला तो भाग पुन्हा रंगवणे एवढाच उपाय.

रंगवायची वेळ आली तर नवा क्लिअर कोट त्या भागाच्या कडेपर्यंत मारावा लागतो. मधेच ठिगळ लावून कडा विरवली तर ती पुढे सुटते किंवा रेघ दिसू लागते. घरी स्प्रे कॅनने प्रयोग करणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना: टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही.

दाव्यांची तपासणी

‘सगळे डाग गायब’ म्हणणाऱ्या स्टुडिओकडे गाडी घेताना त्या जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसायला सांगावे. काही पॉलिश आणि ग्लेझ खळगे तेल-मेणाने भरून डाग लपवतात. अल्कोहोलने ते भरण निघते आणि खरे काय ते समोर येते. एरवी हे सत्य दोन-तीन धुण्यांनंतर कळते, तोवर बिल भरलेले असते.

सिरॅमिक कोटिंग हे कवच नाही. ते थोडा जादा वेळ मिळवून देते, पण क्षारांचे डाग त्यावरही बसतात. खरा अडथळा हवा असेल तर पेंट प्रोटेक्शन फिल्म. डाग तिच्यावरही पडू शकतो, पण फिल्म बदलता येते. आणि विष्ठा ताजी असेल तर कोरड्या फडक्याने ओढू नये. त्यात वाळूचे कण आणि बिया असतात, ओरखडे पडतात. ओला टिश्यू किंवा भिजलेले फडके पाचेक मिनिटे वर ठेवावे, सगळे मऊ झाले की उचलून घ्यावे आणि जागा पाण्याने धुऊन पुसावी. डिकीत एक पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ फडकी ठेवली तर हे काम रस्त्यातही करता येते.