टेक्नो कुणाचे? डेट्रॉइटच्या कारखान्यांपासून भिवंडीच्या जयंतीपर्यंत

एप्रिल जवळ आला की आपल्या समाजाला एक ठरलेला उपदेश ऐकवला जातो. डीजे लावू नका, हा धांगडधिंगा तुमच्या महापुरुषाला शोभत नाही! हे सांगणाऱ्यांत काही आपलेच असतात. बरेच मात्र असे असतात, ज्यांना एरवी वर्षभर बाबासाहेबांची आठवणही होत नाही. डिसेंबर आला की याच मंडळींच्या घरातली मुले सनबर्नची तिकिटे काढतात. २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला आणि मध्यंतरी पुण्यातही भरलेला हा महोत्सव. तिथेही तेच असते. एक माणूस, समोर यंत्रे, भिंतीएवढे स्पीकर आणि छातीत घुमणारा ठोका. पण तिथला माणूस 'आर्टिस्ट' असतो आणि भिवंडीच्या वस्तीत ट्रकवर उभा असलेला आमचा पोरगा 'डीजेवाला'. तिथे ते संगीत, इथे तो गोंगाट. हा फरक आवाजाचा आहे की आवाज काढणाऱ्याच्या जातीचा? उत्तर हवे असेल तर या संगीताचा इतिहास तपासावा लागेल, कारण तोच आपल्यापासून लपवला गेला आहे.

टेक्नो म्हणजे गोऱ्या युरोपची देणगी, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. टेक्नो जन्मले अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात. दक्षिणेतल्या वंशद्वेषाला कंटाळून आलेले कृष्णवर्णीय मजूर तिथल्या कारखान्यांत राबले. जुलै १९६७ मध्ये पोलिसी जुलमाविरुद्ध तिथे उद्रेक झाला, ४३ माणसे मेली. गोरे लोक उपनगरांत निघून गेले, कारखाने बंद पडत गेले. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर १९९० पर्यंत दहा लाखांच्या आसपास आले. याच शहरातल्या हुआन अ‍ॅटकिन्स या कृष्णवर्णीय तरुणाने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या रिक डेव्हिसला सोबत घेऊन 'सायबोट्रॉन' हा गट काढला आणि १९८१ साली 'अ‍ॅलीज ऑफ युअर माइंड' ही तबकडी आणली. अ‍ॅटकिन्सचे शाळासोबती डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हेही कृष्णवर्णीय. 'टेक्नो' हा शब्द त्यांना सुचला तो अल्विन टॉफ्लरच्या 'द थर्ड वेव्ह' या पुस्तकातल्या 'टेक्नो रिबेल्स'वरून, म्हणजे तंत्रज्ञान आपल्या हातात घेणाऱ्या बंडखोरांवरून.

इलेक्ट्रोची कथाही अशीच. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाच्या यंत्रधुना या सगळ्यांनी ऐकल्या होत्या, हे मान्यच आहे. पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागात आफ्रिका बंबाटाने १९८२ साली त्याच धुनांच्या पायावर 'प्लॅनेट रॉक' उभे केले आणि इलेक्ट्रो घराघरांत पोचले. शिकागोच्या 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स कृष्णवर्णीय समलिंगी तरुणांसाठी तबकड्या वाजवत असे. त्या नावावरूनच 'हाऊस' संगीत आले. वेअरहाऊस म्हणजे गोदाम. गोदामांच्या भिवंडीत राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे काय झाले? संगीत बर्लिनला गेले, तिथे रुजले, मोठे झाले. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण वारसा बर्लिनचा आणि डेट्रॉइट फक्त तळटीप, असे होऊ लागले की आम्हाला ते ओळखीचे वाटते. निर्मिती शोषितांची आणि मालकी प्रस्थापितांची, हा खेळ या देशात आपण शतकानुशतके पाहत आलो आहोत.

आता आपल्याकडे वळू. गावगाड्यातला ठोका कुणाचा होता? मेलेले ढोर ओढणारी जात वेगळी, कातडे कमावणारी वेगळी, हलगी वाजवणारी वेगळी आणि त्या तालावर मिरवणारा पाटील वेगळा. एका वाद्यात अख्खी श्रेणीबद्ध विषमता ताणून बसवलेली! वाजवणे ही कला नव्हती, ती सक्तीची चाकरी होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा असे बजावले, तेव्हा त्यांनी या साखळीच्या पहिल्याच कडीवर घाव घातला. म्हणूनच आम्ही म्हणतो की कातड्याविना वाजणारा ठोका ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ठेका धरणारे यंत्र १९८० साली आले. सुरुवातीला ते फारसे चालले नाही. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि गरिबांच्या पोरांनी त्याचे सोने केले. त्या यंत्राला कुणाची जात विचारता येत नाही.

यंत्राबद्दल बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली आले. चरख्याच्या तत्त्वज्ञानाला त्यात त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही. दोष यंत्राचा नाही, दोष त्याचा फायदा मूठभरांनाच देणाऱ्या समाजरचनेचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र आले तरी जात गेली नाही, यंत्राजवळ कुणी उभे राहायचे हे जातीनेच ठरवले. त्याच कापडधंद्याचा वारसा सांगणारे यंत्रमाग भिवंडीत आजही खडखडतात. त्या एकसुरी ठोक्यात वाढलेल्या पोराला टेक्नो परके कसे वाटेल?

भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास मात्र वेगळ्याच पत्त्यावरून सांगितला जातो. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवला. संस्थेमागे गिरणीमालक साराभाई घराणे होते. १९८२ साली चरणजित सिंग यांनी याच ८०८ यंत्राच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. ती तबकडी तेव्हा चालली नाही, २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली आणि गाजली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मोलाच्या आहेत. पण इतिहास एवढाच का? गिरणीमालकाच्या घरचा प्रयोग इतिहासात जातो, मग गिरणी कामगाराच्या वस्तीतला प्रयोग का जात नाही?

आपली परंपरा लांबची आहे. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांनी तो गावोगावी नेला, वामनदादा कर्डकांनी गाणे झोपडीझोपडीत पोचवले. कॅसेट आली तेव्हा प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने वस्त्या भरल्या. प्रत्येक पिढीने हाती आलेले तंत्र चळवळीसाठी वापरले. जयंतीच्या डीजेने भीमगीताखाली यंत्राचा ठोका घातला, तो याच रांगेतला पुढचा माणूस आहे. त्याला तुच्छ लेखणे म्हणजे आपलाच इतिहास मध्येच तोडणे होय.

याचा अर्थ वाट्टेल तसे चालेल असा नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, सूट दिलेल्या दिवशी बारापर्यंत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हे नियम सर्वांना सारखे आहेत. आजारी म्हातारी, तान्हे बाळ आणि अभ्यासाला बसलेले पोर आपल्याच वस्तीत राहते. भिवंडीत तर मिरवणूक ही कधीच हलकी गोष्ट नव्हती. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतूनच इथे दंगल पेटली आणि न्यायमूर्ती मादन आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. १९८४ साली शहर पुन्हा जळले. मग १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी एकत्र बसू लागले आणि मुंबई पेटलेली असताना, १९९२-९३ मध्ये, भिवंडी शांत राहिली. हा धडा आपण विसरता कामा नये. मशिदीसमोर आवाज वाढवणे हे ज्यांचे राजकारण असेल, त्यांचे असेल. माग चालवणाऱ्या मोमीन-अन्सारींना डिवचण्यासाठी भीमाचे गाणे वाजत असेल, तर ते गाणे भीमाचे राहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे बंदीचे नाही, मालकीचे आहे. आज आपण वर्गणी काढतो, एका रात्रीपुरता डीजे भाड्याने आणतो आणि सकाळी सगळे संपते. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाने चेहरे झाकले, मोठ्या कंपन्यांना दूर ठेवले आणि आपल्या तबकड्या विकण्याची व्यवस्था स्वतः उभी केली. २००० साली डेट्रॉइटनेच आपला इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सव शहराच्या मध्यावर, नदीकाठी, सर्वांसाठी मोफत भरवला आणि तिथल्याच कार्ल क्रेगकडे त्याचे कलादिग्दर्शन सोपवले. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. तिकडून शिकणे आपल्याला नवे नाही.

मंडळांनी वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढावा. वस्तीत एक संगणक, एक ध्वनियंत्र, एक खोली उभी राहू द्या. जो पोरगा, जी पोरगी ठोका बांधते, तिचे नाव मिरवणुकीच्या फलकावर लिहा. आवाज कमी असला तरी चालेल, पण आपला असला पाहिजे.

जय भीम!