कसाऱ्याचा बँकर आणि वेळापत्रकाचं गणित

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कसाऱ्याला थांबतात त्या प्रवाशांसाठी नव्हे, बँकरसाठी. मागं जोडलेली ही जादा इंजिनं गाडीला रेटत इगतपुरीपर्यंत आणतात आणि तिथं सुटतात. कारण मधल्या थळ घाटाचा चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटरमागे एक मीटर.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं थळ घाट पार करून 1865 मध्ये इगतपुरी गाठली. बोगदे आणि एहेगावचा उंच पूल बांधून अभियंते मोकळे झाले. गाड्या चालवणाऱ्यांचा पेच मात्र तेव्हा सुरू झाला. वर गेलेली इंजिनं खाली आणायची कधी? लगेच सोडावीत, तर उतरणाऱ्या गाड्यांची वाट अडते. थांबवून ठेवावीत, तर कसाऱ्यात पुढची गाडी खोळंबते. पुढं विजेची इंजिनं आली. घाटात 1,500 व्होल्टचा डीसी प्रवाह आणि इगतपुरीपलीकडे 25,000 व्होल्टचा एसी, त्यामुळं अनेक वर्षं इगतपुरीला मुख्य इंजिनही बदलावं लागे. हिशेबात आणखी एक रकाना वाढला.

नियंत्रण कक्षात अनुभवानं सुटणाऱ्या अशा कोड्यांना विद्याशाखेचं रूप मिळालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, ब्रिटनमध्ये, रडारच्या वापरावरून. ‘ऑपरेशनल रिसर्च’ हे नाव तिथलंच. भारतात या विषयाची संस्था 1957 मध्ये उभी राहिली. पवईला 1963 मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीची ‘निटी’ ही संस्था निघाली. शेजारच्या आयआयटीत प्रा. नारायण रंगराज यांनी आपल्या अध्यापनाची आणि संशोधनाची मोठी कारकीर्द रेल्वेच्या वेळापत्रकांना दिली. 2020 मध्ये रेल्वेनं ‘शून्याधारित’ वेळापत्रक आखायला घेतलं, तेव्हा मदतीला आयआयटी मुंबईच होती.

या शास्त्राची नजर घाटाला लावून पाहावी. समजा, बँकरच्या एका जोडीला जोडणी, चढण, सुटका आणि परतीला दोन तास लागतात. सहा जोड्या असतील, तर तासाला तीनच गाड्या चढतील, मग पुढचं इंजिन कितीही दमदार असो. सातवी जोडी आणली तर थोडा फरक पडेल, पण परतीचा रूळ भरला की तोही थांबेल. म्हणून इथं गाडीच्या वेगापेक्षा बँकरच्या फेरीचा वेळ कमी करणं जास्त मोलाचं ठरतं.

आता कसारा-मनमाड दरम्यान प्रस्तावित असलेल्या नव्या मार्गिकांचा चढ 1:100 ठेवण्याचा विचार आहे. तो प्रत्यक्षात आला, तर त्या मार्गांवर बँकर लागणार नाही.